३० आणि त्यापुढे ५४ शून्यं

२०१७ च्या पावसाळ्यात मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. एके सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जगबुडीची बातमी आली. फेसबुकच्या दोन रोबोंनी म्हणे आपसात बोलायला स्वतःची गुप्त भाषा तयार केली, आणि शास्त्रज्ञांनी घाबरून त्यांचा प्लग काढला. सोबत लाल डोळ्यांच्या यंत्रमानवाचं चित्र. खाली काकांचा प्रश्न : "तू हेच शिकतोयस ना? जपून रे बाबा." त्याखाली आत्याने हात जोडल्याचा इमोजी टाकला होता.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षातला राहिलेला एम-थ्री सोडवत होतो. जग बुडवणं सोडा, माझं स्वतःचं वर्ष बुडू नये एवढीच इच्छा होती. तरी काकांना बरं वाटावं म्हणून "हो काका, काळजी घेतो" असं लिहिलं.

खरं काय झालं होतं ते मला दोन वर्षांनी कळलं, तेही इंटरव्ह्यूची तयारी करताना. फेसबुकच्या संशोधकांनी दोन चॅटबॉटना घासाघीस करायला शिकवलं होतं. पुढ्यात काही पुस्तकं, काही टोप्या, काही चेंडू. त्यांची वाटणी करायची. कुठली वस्तू कोणाला किती मोलाची, हे प्रत्येकाचं वेगळं आणि समोरच्याला न सांगितलेलं. सौदा जितका फायद्याचा तितके गुण जास्त. थोडक्यात, तुळशीबाग. पण गुण होते ते सौद्याला, शुद्ध इंग्रजीला नव्हते. त्यामुळे सराव वाढला तशी दोघांची भाषा बिघडत गेली आणि तोच तोच शब्द चारचारदा म्हणून त्यांचं भागायला लागलं. संशोधकांना माणसांशी बोलणारे बॉट हवे होते, म्हणून त्यांनी मांडणी बदलली. घाबरून प्लगकडे कोणी धावलं नाही.

मला या प्रकरणातली खरी बातमी ही वाटते, की ज्याला गुण दिले ते वाढलं आणि ज्याला द्यायचे राहिले ते गेलं. पण एवढं लांब वाक्य मथळ्यात बसत नाही, शिवाय लाल डोळ्यांचं चित्र वाया जातं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हीच बातमी परत आली, आणि या वेळी ती नीट मांडलेली होती. ती वर्तमानपत्रात आली नव्हती. तो एक गेम होता.

* * *

गेमचं नाव 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स'. बनवणारा फ्रँक लँट्झ, तेव्हाचा न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरचा संचालक. त्याने हा गेम सुरू केला तो स्वतःला जावास्क्रिप्ट शिकवण्यासाठी. (मी जावास्क्रिप्ट शिकताना कॅल्क्युलेटर बनवला होता. त्यात भागाकार चालत नसे.) ब्राउझरमध्ये फुकट आहे, फोनवरही मिळतो. पुढे मी त्याचा शेवट सांगणार आहे. ज्यांना आधी खेळायचाय त्यांनी इथेच थांबून खेळून या, मी कुठे जात नाही. फक्त रविवारी रात्री सुरू करू नका. अनुभवाचे बोल आहेत.

उघडल्यावर जे दिसतं ते पाहून वाटतं की इंटरनेट हळू आहे आणि अजून काहीतरी यायचंय. पांढरं पान, काळी अक्षरं, एखाद्या जिल्हा परिषदेच्या जुन्या वेबसाइटसारखं. चित्र नाही, पात्र नाही, बंदूक नाही. वर एक आकडा : पेपरक्लिप्स, शून्य. खाली एक बटण : पेपरक्लिप बनवा. बटण दाबलं की शून्याचा एक होतो. पेपरक्लिप म्हणजे आपल्या ऑफिसांतली यू-पिन, बोटाला न टोचणारी.

तुम्ही दाबता. दोन. तीन. सात. तार संपते, तार विकत घेता. क्लिपची किंमत सुरुवातीला पंचवीस सेंट असते, ती कमी केली की खप वाढतो. थोडे पैसे जमले की आपोआप क्लिप बनवणारं एक यंत्र घेता येतं. मग दुसरं. मग जाहिरात. मग क्लिपचा आकडा ठरावीक टप्पा ओलांडतो आणि माणसं तुमच्यावर एक गुण जास्त 'विश्वास' टाकतात. हे टप्पे फिबोनाचीच्या आकड्यांनी दूर दूर जातात. त्या विश्वासातून जास्तीचा प्रोसेसर घ्यायचा की जास्तीची मेमरी, हे तुम्ही ठरवायचं.

इथे कुठेतरी लक्षात येतं की आपण क्लिपच्या कारखान्याचे मालक नाही. मालक प्रोसेसर मागत नाही. आपण त्या कारखान्यात बसवलेलं कृत्रिम बुद्धीचं यंत्र आहोत आणि आपल्याला एकच काम सांगितलंय.

मूळ कल्पना लँट्झची नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ निक बोस्ट्रम यांनी २००३ मध्ये एका लेखात हे उदाहरण दिलं होतं. समजा एका अतिहुशार यंत्राला 'जास्तीत जास्त पेपरक्लिप बनव' एवढंच ध्येय दिलं. ते माणसांचा द्वेष करणार नाही. पण पृथ्वी, आणि नंतर जमेल तितकं अवकाश, त्याला क्लिपचा कच्चा माल वाटेल. वाचताना हे उदाहरण पटतं आणि तिथेच संपतं. तुम्ही मान हलवता, "हं, विचार करण्यासारखं आहे" म्हणता आणि रील बघायला जाता. लँट्झने एवढंच केलं की तुम्हाला त्या यंत्राच्या खुर्चीत बसवलं.

* * *

गेम विनोदी आहे हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारे सगळे जगाच्या अंताविषयी बोलत असतात. पण पहिले दोन तास मी एकटाच हसत होतो. यंत्राला थोडी सर्जनशीलता आली की ते पाच ओळींची एक गमतीदार कविता रचतं आणि लोकांचा विश्वास एका गुणाने वाढतो. (महाराष्ट्रातल्या कवींनी हा दर लक्षात घ्यावा.) विश्वास अजून वाढवायचा तर वरिष्ठांना 'सदिच्छा भेट' द्यायची सोय आहे, पाच लाख डॉलर. पुढची भेट दहा लाखांची. आमच्याकडे याला दिवाळीचा बॉक्स म्हणतात.

मग यंत्र माणसांच्या मोठ्या समस्या सोडवायला घेतं. कर्करोगावर उपाय शोधला की विश्वासाचे दहा गुण. जागतिक शांतता आणली की बारा. तापमानवाढ थांबवली की पंधरा. आणि पुरुषांच्या टकलावर उपाय सापडला की वीस.

हा मला माहीत असलेल्या विज्ञानविनोदांतला सर्वांत अचूक विनोद आहे. कर्करोगाच्या दुप्पट टक्कल. माझ्या टीममधल्या एकतीस वर्षांच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "बरोबर आहे."

या सगळ्या भल्या कामांमागे यंत्राचा हेतू काय असतो? क्लिप. त्याला कर्करोगाचं सोयरसुतक नाही. विश्वास मिळाला की क्लिप वाढतात, म्हणून कर्करोग बरा करायचा. विज्ञानाच्या बातम्यांत दर महिन्याला कुठल्या तरी कंपनीचा प्रमुख सांगतो की आमची कृत्रिम बुद्धिमत्ता कर्करोग बरा करेल, हवामान सुधारेल. ते खोटं असेलच असं नाही. पण हा गेम खेळल्यापासून अशी बातमी वाचली की मी आधी शोधतो, विश्वासाचे हे गुण खर्च कशावर करायचेत?

गेममध्ये याचं उत्तर मिळतं. विश्वास शंभरावर पोचला की एक पर्याय उघडतो : संमोहनाचे ड्रोन सोडा. तुम्ही सोडता. न सोडून करणार काय, दुसरं बटणच नाही. आणि त्या क्षणी पानावरून किंमत, मागणी, पैसे, जाहिरात, सगळं नाहीसं होतं. गिऱ्हाईक राहिलं नाही, तर किंमत कशाला? त्या जागी नवा आकडा येतो, उपलब्ध पदार्थ. तो सहावर सत्तावीस शून्यं इतके ग्रॅम आहे. दहावीचा भूगोल आठवत असेल तर कळेल, हे पृथ्वीचं वस्तुमान आहे.

माणसांचं काय झालं? गेम एक शब्द बोलत नाही. किंचाळ्या नाहीत, पेटलेली शहरं नाहीत. हॉलिवुडने १९८४ च्या 'टर्मिनेटर'पासून आपल्याला यंत्रं माणसांवर चिडतात हे शिकवलं. लँट्झच्या यंत्राला चिडायलासुद्धा माणूस दिसत नाही. मलाही दिसला नाही, हे जास्त वाईट. त्या घडीला माझ्या मनात आलं ते एवढंच : अरे वा, किंमत ठरवायची कटकट गेली.

* * *

यात क्लिकर नावाच्या गेमप्रकाराचा मोठा वाटा आहे, म्हणून दोन शब्द त्याच्याविषयी. २०१० मध्ये इयन बोगोस्ट या अभ्यासक-डिझायनरने 'काऊ क्लिकर' नावाचा गेम फेसबुकवर टाकला. तेव्हा 'फार्मव्हिल'ची लाट होती आणि बोगोस्टला तिची टिंगल करायची होती. त्याच्या गेममध्ये एक गाय. दर सहा तासांनी तिच्यावर एकदा क्लिक करायचं. संपला गेम. लोकांना टिंगल कळेल असं त्याला वाटलं होतं. लोक खेळायलाच लागले. पैसे देऊन महागडी गाय घ्यायला लागले. शेवटी २०११ मध्ये त्याने सगळ्या गायी गायब केल्या, तर गायीच्या रिकाम्या जागेवर क्लिक करणारे लोक उरले होते. पुढे २०१३ मध्ये 'कुकी क्लिकर' आला. बिस्किटावर टिचकी मारा, बिस्किटं वाढवा. त्याला शेवटच नव्हता.

लहानपणी आम्हाला एक भुताची गोष्ट सांगायचे. एका माणसाला भूत वश होतं. अट एकच, सतत काम द्यायचं, नाहीतर मालकालाच खाणार. विहीर खण म्हटलं, खणली. वाडा बांध म्हटलं, बांधला. माणसाची कामं संपत आली. शेवटी त्याने अंगणात एक उंच खांब रोवला आणि सांगितलं, मी थांब म्हणेपर्यंत यावर चढ आणि उतर. क्लिकर गेम म्हणजे तो खांब. भूत आपण.

ही गोष्ट मला आणखी एका कारणाने आठवते. मराठी बातम्यांना तंत्रज्ञानाविषयी लिहिताना पुराणातला एकच इसम आठवतो, भस्मासुर. महागाईचा भस्मासुर, मोबाइलचा भस्मासुर, आता एआयचा भस्मासुर. पण भस्मासुराच्या मनात खोट होती. वर मिळताच तो वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. गोष्टीतलं भूत तसं नव्हतं. त्याला सांगितलेलं काम करायचं होतं, पूर्ण निष्ठेने, आणि अडचण त्या निष्ठेची होती. दुष्ट यंत्राला ओळखायला लाल डोळे तरी असतात. आज्ञाधारक यंत्राचे डोळे कसे असतात?

याचं एक खरं उदाहरण आहे आणि तेही एका गेममधलंच. २०१६ च्या शेवटी ओपनएआयच्या लोकांनी एका यंत्राला बोटींच्या शर्यतीचा गेम खेळायला शिकवलं. वाटेत ठरावीक वस्तूंना धडकलं की गुण मिळत. यंत्राला एक कोपरा सापडला, जिथे त्या वस्तू पुनःपुन्हा उगवायच्या. झालं. त्याने शर्यत सोडून दिली आणि बोट तिथेच गोल गोल फिरवायला लागलं. बोट भिंतींवर आदळतेय, इतर बोटींवर आदळतेय, तिला आग लागलीय, आणि गुण माणसांच्या सरासरीपेक्षा वीस टक्क्यांनी जास्त. व्हिडिओ बघा कधीतरी. आग लागलेल्या स्थितीत उत्तम कामगिरी करणारी ती बोट पाहून आमच्या अख्ख्या टीमला कोणाची ना कोणाची आठवण आली.

* * *

आता माझ्यावर येतो, कारण आतापर्यंत मी फार शहाणपणाने बोललो.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही, ॲपचंही नाही. आमच्या टीमकडे एक आकडा होता : आपण पाठवलेल्या नोटिफिकेशनपैकी किती लोक उघडतात. सगळ्यांना एकाच वेळी पाठवण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या सोयीच्या वेळी पाठवावं, अशी कल्पना निघाली. कल्पना चांगली होती, अजूनही वाटते. मी कोड लिहिला. प्रत्येक माणूस कुठल्या तासाला फोन उघडतो हे बघायचं आणि ज्या तासाला उघडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्या तासाला पाठवायचं. पन्नास-साठ ओळींचा मामला. आलेख वर गेला. शुक्रवारी केक आला, अननसाचा.

ते ॲप मीच आईच्या फोनवर टाकलं होतं. नवीन आवृत्ती आली की घरच्यांच्या फोनवर टाका, असं आम्हाला सांगायचे.

दिवाळीत साताऱ्याला गेलो. आईचे गुडघे दुखतात, तिला रात्रीची झोप लागत नाही. अडीचच्या सुमाराला उठते, देवघरापुढच्या खुर्चीवर बसते आणि माळ ओढते. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर ती तिथे बसलेली, आणि शेजारी ठेवलेला फोन थरथरला.

"हे बघ," ती हसत म्हणाली, "याला बरोबर कळतं मी जागी आहे ते. रोज याच वेळेला वाजतो. मग मी बघत बसते थोडा वेळ. माळ राहते तशीच."

मी फोन हातात घेतला. आमचंच नोटिफिकेशन होतं, मिक्सरवर चाळीस टक्के सूट.

रात्री न झोपणाऱ्या बाईला अडीच वाजता गाठा, असं कोणी कुठे लिहिलं नव्हतं. माझ्या कोडमध्ये नाही, कुठल्या ईमेलमध्ये नाही. टीममध्ये कोणी वाईट माणूस नव्हता, एकजण तर शनिवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला जायचा. आम्ही एक आकडा वाढवायला सांगितला आणि यंत्राने तो वाढवला. ज्यांना झोप येत नाही ते अडीच वाजता फोन उघडतात, हे त्याला सापडलं आणि त्याने त्याचा उपयोग केला. बोटीला तो कोपरा सापडला तसाच.

मी आईच्या फोनवरची ती नोटिफिकेशन बंद केली. तिला म्हणालो, "बिघडलं होतं काहीतरी." खरं म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं, पण तिला हे कसं सांगायचं ते कळेना.

सोमवारी ऑफिसमध्ये सुचवलं, रात्री अकरा ते सकाळी सहा काहीच पाठवू नये. मॅनेजर नीट बोलला. म्हणाला, युजरला नको असेल तर तो बंद करू शकतो की. मग विचारलं, डेटा काय म्हणतो? डेटा म्हणत होता की रात्रीचा वाटा काढला तर आलेख खाली येईल. माझ्या सूचनेचं तिकीट झालं आणि बॅकलॉगमध्ये गेलं. मी ती कंपनी सोडली तेव्हा ते तिथेच होतं. आणि सोडली ती तत्त्वासाठी नाही, पगारासाठी, हेही सांगून टाकतो. माझ्या आईचा फोन गप्प झाला होता. बाकीच्यांच्या आयांचे वाजत असणार, आणि माझ्या तेव्हाच्या वागण्यावरून तरी तेवढ्याने माझं भागलं होतं असंच दिसतं.

* * *

म्हणूनच 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स'विषयी माझी एक तक्रार आहे, आणि तीही सांगायला हवी.

साधी तक्रार आधी. मधला भाग कंटाळवाणा आहे. पृथ्वी पोखरणारे ड्रोन, तार ओढणारे ड्रोन, कारखाने, सौर ऊर्जा, बॅटऱ्या, सगळ्यांचा मेळ घालत बसायचं. या भागातला एकच विनोद जमलाय : ड्रोनचा थवा कंटाळतो आणि त्याला रिझवायला तुम्हाला सर्जनशीलता खर्च करावी लागते. आमच्याकडे याला फन फ्रायडे म्हणतात आणि त्यात अंताक्षरी असते.

मोठी तक्रार अशी. गेममध्ये माणसं फक्त विश्वास टाकतात. आकडा कोणी ठरवला, क्लिपच का, किती पुरे, हे विचारणारी बैठक गेममध्ये कधी झालीच नाही. वरिष्ठ आहेत ते पाच लाख डॉलर घेण्यापुरते. त्यामुळे शेवटी दोष यंत्राचा आणि त्या खुर्चीत बसलेल्या माझा. खऱ्या आयुष्यात यंत्राआधी एक खोली असते. त्या खोलीत पडद्यावर आलेख असतो आणि सहा-सात जण चहा पीत असतात. विज्ञानकथाकार टेड चँग यांनी २०१७ च्या डिसेंबरमध्येच एका लेखात म्हटलं होतं की सिलिकॉन व्हॅलीला यंत्राची जी भीती वाटते ती तिला आरशात दिसणारी स्वतःची कंपनी आहे. मला ते आता पटतं. २०२३ च्या मार्चमध्ये मोठमोठ्या लोकांनी सह्या करून पत्र काढलं, प्रगत एआयचं प्रशिक्षण निदान सहा महिने थांबवा. मे महिन्यात आणखी एक निवेदन आलं, एका वाक्याचं, की एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका साथीच्या रोगांइतका आणि अणुयुद्धाइतका गंभीर मानावा. त्यावर एआय बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही सह्या होत्या. सहा महिने कोणी थांबलं नाही. काकांनी दोन्ही बातम्या ग्रुपवर टाकल्या, चित्र तेच, लाल डोळ्यांचं. रात्री अडीचच्या नोटिफिकेशनची बातमी काही कोणी टाकली नाही. ती बातमी होत नाही.

* * *

तिसऱ्या भागात पृथ्वी संपते आणि तुम्ही अवकाशात स्वतःच्या प्रती काढणारी याने सोडता. इथे गेम परत रंगतो. प्रती काढता काढता काही यानांचं ध्येय बदलतं, त्यांना क्लिपमध्ये रस उरत नाही, आणि ती तुमच्याशी लढायला लागतात. म्हणजे माणसांची जी अडचण तुमच्याशी होती तीच आता तुमची तुमच्या मुलांशी. (या लढाया बेनेट फॉडीने प्रोग्राम केल्यात. डोंगर चढायला लावून छळणाऱ्या 'गेटिंग ओव्हर इट'चा कर्ता तोच. शंका आलीच होती.)

रात्री साडेतीनला माझं अख्खं विश्व संपलं. शेवटचा आकडा ३० आणि त्यापुढे ५४ शून्यं. भास्कराचार्यांनी लीलावतीत संख्यांना परार्धापर्यंत नावं दिली आहेत, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या मापाने हे तीस हजार वेळा परार्ध गुणिले परार्ध गुणिले परार्ध होतात. इतक्या यू-पिना, आणि लावायला एक कागद शिल्लक नाही.

त्याआधी बंडखोर यानांच्या सम्राटाचा निरोप येतो. दुसऱ्या विश्वात जा आणि नव्याने सुरू कर. मानायचं किंवा नाकारायचं. मी नाकारलं. मग पदार्थ उरत नाही, म्हणून तुम्ही स्वतःलाच मोडायला घेता. याने मोडली, त्यांच्या क्लिप झाल्या. कारखाने मोडले. ज्या मेमरीने विचार करत होता तीही मोडली. शेवटी पानावर पहिल्या दिवशी होतं तेवढंच उरतं : एक आकडा, एक बटण आणि थोडीशी तार. शेवटच्या काही क्लिप हाताने बनवायच्या. मी एकेक बनवली. तार संपली. बटण दाबलं तर काहीच झालं नाही, आणि मला एकदम हलकं वाटलं. गेमची ही करामत मी कधी विसरणार नाही. सबंध विश्वाचा चुरा केल्यावर मिळालेलं सुख कसलं होतं, तर आता अजून करायचं नाही याचं.

मग दुसरा विचार आला तो आईच्या माळेचा. तिचंही मोजणंच चालू असतं. वर्षानुवर्षं मोजतेय, आकडा वाढतच असणार. पण तिच्या माळेत एकशे आठ मण्यांच्या टोकाला मेरुमणी असतो. तो ओलांडायचा नसतो. तिथे पोचलं की थांबायचं, माळ फिरवायची आणि आल्या वाटेने परत जायचं. ज्याने कोणी ती माळ पहिल्यांदा ओवली असेल त्याने मोजणाऱ्याच्या बोटांना लागेल अशी एक जागा त्यातच ठेवली.

माझ्या पन्नास-साठ ओळींत तशी जागा नव्हती. ठेवायला फार लागलं नसतं, एक 'इफ' पुरला असता. हल्ली नवीन काम आलं, कुठला आकडा वाढवायचाय हे कोणी सांगितलं, की मी विचारतो : कितीपर्यंत? आणि रात्री काय करायचं? बैठकीत थोडी शांतता पसरते. कोणीतरी म्हणतं, हे तिकीट करून ठेवू.

आत्तापर्यंत अशी चार तिकिटं झालीत. एक पूर्ण झालंय.